दोरीवरची झबली

पाळणाघराची पाटी लावून महिना झाला, तरी एकही मूल आलं नव्हतं. माझी शाळा सातवीतच सुटलेली, म्हणून पाटीसुद्धा शेजारच्या काकूंनी लिहून दिली. परक्या गावात एवढं कोण करतं? काल त्याच म्हणाल्या, "अगं, नुसती पाटी काय वाचतात लोक! दोरीवर चिमुकले कपडे दिसू देत. भरल्या घरातच माणूस आपलं पोर ठेवतो."

म्हणून आज ट्रंकेतली झबली काढली. आईनं तिच्या जुन्या, मऊ लुगड्याची शिवून गावाहून पाठवलेली. माझं बाळ दवाखान्यातच गेलं. एकही झबलं त्याच्या अंगाला लागलं नाही. काकूंना यातलं काही ठाऊक नाही. न मळलेली झबली मी धुतली, पिळली, वरच्या गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातली. वाऱ्यानं त्यांची पोटं फुगली. आपण सगळेच दोरी बघून घर ओळखतो. घालणारं कुणी आहे की नाही, हे रस्त्यावरून कुठं कळतं?

तेवढ्यात खालून एका बाईनं हाक मारली, "ताई, किती मुलं आहेत हो तुमच्याकडे?"

"एक," माझ्या तोंडून गेलं.

"बरं झालं बाई! उद्या आमच्या मुलीला आणते. तिला सोबत होईल."