तिच्या रेडिओचा हम

आम्ही नवरा-बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिच्या रेडिओतला हम घालवणं. हम म्हणजे डबीत माशी कोंडल्यासारखा आवाज. मी स्क्रू फिरवायचा, तिने कान लावायचा. मिरकरवाड्याच्या बंदरात ट्रॉलरवरचे वायरलेस दुरुस्त करता करता इंजिनांनी माझे कान खाल्ले. चौथी शिकलेला माणूस मी, बाकी सगळं हाताने शिकलो. मीटर तीन व्होल्ट दाखवतो, हम दाखवत नाही. तो ती सांगायची.

खाऱ्या हवेत सेल फुटून हिरवं पाणी सुटायचं, आणि मोबाइलचा चार्जर जोडला तर नुसती खरखर. म्हणून मी हा सप्लायचा डबा बनवला. शंट म्हणतात त्याला. मागून करंट ठरावीकच येतो. रेडिओ लागेल तेवढा घेतो, उरलेला बाजूचा ट्रान्झिस्टर पितो आणि तापतो. रेडिओ बंद केला की सगळाच त्याच्या डोक्यावर. म्हणून तिला बजावलं होतं, रेडिओ बंद केलास तर भिंतीतली पिनही काढ.

"तुमच्यासारखाच मेला," ती म्हणाली. "मी बोलायची थांबले की तापतो."

व्होल्ट जरा जास्त झाले की हम येतो. मी केसभर केसभर कमी करत होतो. तिसऱ्यांदा विचारलं, गेला का?

"गेला. उठा आता, भात निवला."

जेवलो. भांडी घासून ती आडवी झाली ती उठलीच नाही. उशाशी रेडिओ चालू. संध्याकाळपर्यंत सगळं उरकलं. देवरूखहून तिचा धाकटा भाऊ आला, त्याने मयताच्या घरात रेडिओ कसा म्हणून तो बंद केला. पिन तशीच ठेवली.

सकाळी जळका वास आला. ट्रान्झिस्टर गेला होता. चूक माझीही. ती रेडिओ कधी बंदच करत नाही म्हणून मी त्याला थंड ठेवणारा पत्रा तोकडा लावला होता. पण मी मेव्हण्यावरच धावलो. कोणी सांगितलं होतं हात लावायला?

"भावोजी, बहीण गेली माझी, आणि तुम्हाला डब्याची पडलीय," तो म्हणाला. मग हळूच, "आणि घुमतच होता तो. मी बंद केला तेव्हाही."

म्हणजे हम गेला नव्हता. पंचेचाळीस वर्षांत एकदा खोटं बोलली बाई, तेही भातासाठी. आता भांडू कोणाशी?

बायका कुजबुजत होत्या, दिवस कसले नि हा करतोय काय. करू देत. तिच्या पातेल्याचं झाकण कापून मोठा पत्रा केला, दुसरा ट्रान्झिस्टर बसवला, रेडिओ लावला. मेव्हण्याला समोर बसवून कान लावायला सांगितलं. मी स्क्रू फिरवत गेलो. आहे, म्हणाला. अजून आहे. मग म्हणाला, गेला.

"बहिणीची शपथ घे."

त्याने घेतली. तेव्हा मी उठलो.