एकशे सात सह्या

हे मी आजवर कुणापाशी बोललेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. तुमच्यापाशी का बोलते आहे — काय माहीत बाई. तोंड उघडलंय खरं.

त्र्याऐंशी साल. आम्ही मुलुंडला राहायचो — आम्ही कसलं, मी एकटीच. नवरा मस्कतला, मूलबाळ नाही, आणि माझी जीभ तिखट. बिल्डिंगमधल्या बायका माझ्या दारावरून पुढच्या दारी हळदीकुंकवाला जायच्या. मला बोलवायचं राहून जायचं म्हणे. दर वर्षी कसं हो राहून जातं? माझ्याशी धड बोलायची ती एक कमलाक्का. समोरच्याच ब्लॉकमधली, तमिळ, पण मुंबईत वीस वर्षं काढलेली. रोज दहाला तिच्याकडे कॉफी. ती नसती तर मी भिंतींशी बोलले असते.

त्या जुलैत श्रीलंकेत तमिळांची कत्तल झाली. नाव विचारून, भाषा ओळखून माणसं रस्त्यावर मारली, घरं पेटवली. अक्काचा भाऊ कोलंबोत दुकान चालवायचा. तो, बायको, दोन मुली — निर्वासितांच्या छावणीत आहोत एवढं एक पत्र आलं आणि मग काहीच नाही. अक्का रडली नाही. म्हणाली, "एकटीचं पत्र टोपलीत जातं गं. शंभर जणींचं कुणीतरी वाचतो."

लग्नाआधी मी कचेरीत कारकून होते. अर्ज लिहावा तर मीच! आपल्या सरकारने तिकडच्या सरकारला जाब विचारावा, अडकलेल्यांना सोडवून आणावं, आमच्या खासदारांनी हे संसदेत मांडावं — फक्कड लिहिला होता. आणि सह्यांची युक्तीही माझीच. श्रावणातल्या शुक्रवारी सवाष्णींना दूध-फुटाणे द्यायला बोलवायचं. देवीच्या नावाने आलेलं बोलावणं कोण मोडणार? आल्या की सगळ्या! एक फणकारली, "कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजताय?" अक्काने नुसतं एवढंच सांगितलं, की माझी धाकटी भाची तुमच्या मुलीच्याच वयाची आहे. त्या बाईने सही केली. पुढच्या शुक्रवारी तीच शेजारच्या बिल्डिंगमधल्या चौघींना घेऊन आली. हळदीकुंकवाच्या बोटांनीच सह्या करायच्या, कागदावर लाल-पिवळे ठसे. एकशे सात जणी झाल्या.

गणपतीत खासदार आमच्या मंडळाच्या आरतीला येणार होते. अर्ज त्यांच्या हातात मी द्यायचा, असं अक्कानेच ठरवलं. ती म्हणाली, "मी दिला तर म्हणतील, मद्रासी आपल्या लोकांसाठी रडते. तू मराठी आहेस. तू दे."

आणि मी — थांबा, सांगते. आधी दुसरं एक सांगायला हवं.

त्या वर्षी मंडळाच्या बायकांनी पाहुण्यांना ओवाळायचा मान मला दिला. मला! त्या श्रावणी शुक्रवारांनी माझी ओळख झाली होती ना सगळ्यांशी. संध्याकाळी सेक्रेटरींच्या बायकोने माझ्या केसांत स्वतःच्या हातांनी गजरा माळला आणि हसत म्हणाली, "त्या मद्राशिणीच्या नादी लागलात खऱ्या, पण मनाने आमच्यातल्याच हं तुम्ही." बस. एवढंच. कुणी धमकावलं नाही, कुणी अडवलं नाही. नवरासुद्धा मस्कतला, म्हणजे त्याच्या नावावर ढकलायचीही सोय नाही. मला कुणीतरी आपल्यातली म्हटलं, आणि मला ते सोडवेना. इतकी का मी भुकेली होते? होते.

खासदार आले. मी ओवाळलं. अर्ज पदराखाली, कमरेला खोचलेला. त्यांनी तबकात नारळ ठेवला, माझ्याकडे बघून "काय म्हणता ताई?" असं विचारलंसुद्धा. म्हटलं, "काही नाही साहेब. गणपतीची कृपा."

अक्का मांडवाबाहेर उभी होती. माणसांच्या गर्दीतून तिला तबक तेवढं दिसलं. मी बाहेर आले आणि ती काही विचारायच्या आत बोलून गेले — "दिला. वाचतो म्हणाले." तिने माझे दोन्ही हात धरले.

मनाला मी काय समजावलं असेल, सांगा? की कागद डागाळलाय, फेअर करून खासदारांच्या बंगल्यावर नेऊन देऊ. फेअर! सह्या कधी फेअर होतात का हो? कारकुनी केलेल्या बाईला एवढं कळत नव्हतं? चौथ्या दिवशी मी तो स्टोव्हवर जाळला. एकशे सात बायकांनी विश्वासाने लिहिलेली नावं.

इथवर थांबलं असतं तर — पण नाही ना थांबलं. महिन्याभराने माटुंग्याहून दोन बायका अक्काकडे आल्या. ठिकठिकाणच्या सह्या एकत्र करून काही जणी दिल्लीला जाणार होत्या, मंत्र्यांना भेटणार होत्या. मुलुंडचे कागद द्या, म्हणाल्या. नसतील तर पुन्हा सह्या घेऊ, आठवडा हातात आहे. अक्का अभिमानाने म्हणाली, "आमचा अर्ज तर कधीच पोचला. खुद्द खासदारांच्या हातात. हिनेच दिलाय." त्या माझ्याकडे कौतुकाने बघायला लागल्या. मी कॉफी पीत होते. पीतच राहिले. त्या तशाच रिकाम्या हातांनी गेल्या, आणि दिल्लीला जे गेलं त्यात मुलुंडचं एकही नाव नव्हतं.

त्यानंतर अक्का रोज पोस्टमनची वाट बघायची. मी दहाची कॉफी हळूहळू बंद केली. डोकं दुखतंय, पाहुणे यायचेत — माझ्याकडे कोण पाहुणे येणार? तिला कळत असणार. तिने एकदाही विचारलं नाही. आणि ज्या बायकांसाठी मी हे केलं, त्या पुढच्या श्रावणात पुन्हा माझ्या दारावरून पुढे गेल्या. बरं झालं. मेलं, तेच बरं झालं.

दोन वर्षांनी ती त्रिचीला गेली. जाताना मला पोटाशी धरून म्हणाली, "तू केलंस ते बहिणीने केलं नसतं." मी ते ऐकून घेतलं.

एका अर्जाने ती चार माणसं वाचली असती का? मला माहीत नाही. ते कळायची वाट मीच बंद केली.

परवा तिच्या मुलीचं पत्र आलं. अक्का गेली. मामांचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. मुलीने लिहिलंय, आई कायम म्हणायची — मुलुंडच्या बायकांनी आपलं काम केलं, सरकारनेच ऐकलं नाही.

सरकारला कुणी सांगितलंच नव्हतं.