दोन तोंडांची गाडी

परवा टीव्हीवर जपानची ती जुनी निळी-पांढरी बुलेट ट्रेन दाखवली. लय वर्षं धावली, आता तिले संग्रहालयात उभी केली म्हणे. कॅमेरा या टोकाहून त्या टोकाले गेला अन् मी खाटेवर उठूनच बसलो. गाडीले दोन्हीकडे तोंड होतं!

नव्वदनंतरची गोष्ट. माह्या पोरीचं, सुमनचं लगन आमच्या मूल गावाहून दूर, भामरागडकडे ठरलं होतं. लग्नघराच्या भिंतीवर आमच्याकडे हत्ती काढत. मी चुना अन् नीळ कालवून कॅलेंडरातली हीच गाडी काढली.

"काऊन भाऊ, हत्ती जमला नाई काय?" शेजारी हसले. मी कोणाचं आयकतो!

सुमन हळदीच्या अंगानं बाहेर आली. गाडीकडे पाह्यत राह्यली, मंग हळूच बोलली, "बाबा, हे गाडी तं मले घेऊन चालली. पावसात तिकडचा रस्ता बंद होते. मी घरी येऊ कशी?"

कॅलेंडरात मागचं टोक दिसतच नव्हतं. मी कुची उचलली अन् मनानंच मागच्या डब्यालेही तसंच लांब नाक काढलं.

"हे गाडी पलटवावी लागत नाई बाई. गेली तशीच परत येते."

"खरंच?"

"तुहा बाप खोटं बोलन काय?"

ती हसली. ओल्या हळदीचं बोट मागच्या खिडकीत टेकवून म्हणाली, "मंग इथी मी."

पोरगी फसली, असं तवा वाटलं. आता वाटते, माहे डोळे पाहूनच तिनं, बापाले बरं वाटावं म्हणून, ते खरं मानलं.