दोन्ही पायांवर सारखा भार

आमच्या ह्यांना सगळी गल्ली मास्टर म्हणते. शिंप्याचं दुकान आमचं. मापं घेणं आणि कापणं ह्यांच्याकडे, शिवणं माझ्याकडे. एकच खोली, तीत कापायचं टेबल, माझं मशीन आणि गिऱ्हाइकासाठी भिंतीला उभा आरसा. उरलेल्या जागेत आम्ही दोघं एकमेकांच्या कोपरांना चुकवत म्हातारे व्हायला लागलोय.

माणूस कामाला वाघ, पण तोरा विचारू नका! पँटची लांबी ठरवायला जगातले सगळे शिंपी टेप लावतात. हे नाही. गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करायचं, "दोन्ही पायांवर सारखा भार द्या" म्हणायचं, आपण जमिनीवर उकिडवं बसायचं आणि नुसत्या नजरेनं खडूची रेघ मारायची. त्या रेघेवर मी दुमडायचं आणि शिवायचं. टेप घ्या म्हटलं की म्हणायचे, "टेप शिकाऊ लोकांसाठी असते." पण खरं सांगते, त्या रेघेत कधी केसभरही फरक पडला नाही, म्हणून मीही ऐकून घेत आले.

मग कंबर गेली. मणक्यातली गादी सरकली आणि डाव्या पायाची शीर दाबली गेली. कुल्ल्यातून निघालेली कळ पार पोटरीपर्यंत. शिंक आली तरी टेबल घट्ट धरायचे. गोळ्या झाल्या, शेक झाला, पट्टा झाला, व्यायाम झाला. म्हणजे मी मागे लागून लागून करवून घेतला तेवढा. रात्री कूस बदलताना हे कण्हायचे, सकाळी दोघंही न झोपल्या तोंडानं दुकान उघडायचो. चिडचिड तर इतकी की सुई पडल्याचा आवाजही एकमेकांना खपेना.

डॉक्टर भले माणूस. म्हणाले, "पाऊल उचलेनासं झालं किंवा लघवीवरचा ताबा गेला तर विचार करत बसू नका, तडक या. तोवर निर्णय तुमचा. ऑपरेशननं पायाची कळ बहुतेक जाईल, पाठीची खात्री मी देत नाही. आणि धोका अजिबात नाही असंही म्हणणार नाही." आता एवढं सरळ बोलल्यावर माणसानं करायचं काय? बाहेर येऊन हे मला म्हणतात, "बघ, त्यालाच खात्री नाही."

त्यात आमचं दुकान! माप द्यायला हात वर केलेला प्रत्येक जण सल्ला देऊनच हात खाली करायचा. एकाचा मेहुणा ऑपरेशननंतर पळायला लागला, दुसऱ्याचा काका अंथरुणालाच खिळला. औषधांचा दुकानदार म्हणाला, "मास्टर, मणक्याला सुरी लावू देऊ नका." अरे, तुझं जातंय काय सांगायला? कण्हणं ऐकायला मी आहे ना!

शेवटी ह्यांनी आपला एक नियम काढला. "काम सरळ होतंय ना? होतंय तोवर पाठीला हात लावू द्यायचा नाही. काम वाकडं झालं की बघू." काम म्हटल्यावर माझं तोंड बंद. त्यांना भीती वाटत होती हो, दुसरं काही नाही. टेबलापाशी पुन्हा उभं राहता आलं नाही तर, ही भीती. ती काही तोंडानं बोलायचे नाहीत, मलाच समजून घ्यावं लागायचं.

उकिडवं बसणं तर केव्हाच बंद झालं होतं. आता एका बुटक्या स्टुलावर बसून, उजव्या कुल्ल्यावर रेलून रेघ मारायचे. आणि पँटी परत यायला लागल्या. "मास्टर, डावा पाय जरा आखूड वाटतो." हे फाडकन म्हणायचे, "तुम्ही उभेच वाकडे राहता, त्याला मी काय करू?" गिऱ्हाईक बिचारं आरशात स्वतःचे खांदे बघत बसायचं. मी मुकाट्यानं उसवून पुन्हा शिवून द्यायची. मनात यायचं, सगळ्यांचा डावाच पाय आखूड कसा? पण ते मनातच ठेवायची.

मग आमच्या मुलीला नोकरी लागली. पहिल्या दिवसासाठी ह्यांनी हौसेनं पँट कापली. रेघ मारली, मी शिवली, ती घालून पोर आरशासमोर उभी राहिली आणि पायांकडे बघायला लागली. डावा पाय आखूड.

"नीट उभी राहा," हे म्हणाले.

"नीटच उभी आहे, बाबा. तुम्हीच शिकवलंय."

आता हिला कसं म्हणणार, वाकडी उभी राहतेस म्हणून? ह्यांनी शिवण उसवायला लावली, पुन्हा रेघ मारली. मी टेप लावली. बोटभर फरक. "टेप नीट धर," माझ्यावर खेकसले. मी म्हटलं, "अहो, तुम्हीच धरा." त्यांनी धरली. एकदा उजव्या पायाला लावली, एकदा डाव्या.

एरवी मी चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी खाली वाकून उसवलेले दोरे वेचत बसले.

टेबल धरून हे उठले. मुलीला बाजूला सारून स्वतः आरशासमोर उभे राहिले, गिऱ्हाइकाच्या जागी. इतक्या वर्षांत तिथं उभं राहिलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं. एक खांदा खाली, कंबर एका बाजूला ढळलेली. रोज बघत होते मी, पण खरं दिसलं ते त्या आरशात.

"दोन्ही पायांवर सारखा भार द्या," मी हळूच म्हटलं.

त्यांनी प्रयत्न केला. डावा पाय थरथरला, चेहरा पांढरा पडला. "नाही गं जमत," म्हणाले. "कधीचं जमत नाहीये. आणि मी लोकांना वाकडे म्हणत सुटलो."

"अहो..."

"डॉक्टरांना कळव. करू म्हणावं." मग आरशातूनच माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि नाहीच उभा राहिलो तर?"

"तर खुर्चीत बसून माझ्यावर ओरडा. तेवढं तर बसूनही येतं तुम्हाला."

हसले नाहीत. मुलीनं स्टूल पुढे सरकवलं, त्यावर कसेबसे टेकले. खिशातून खडू काढला आणि माझ्या हातात ठेवला.

"तिची पँट तू घे," म्हणाले. "टेप लावून."