मोठी किटली

फिनलंडच्या पार उत्तर टोकाला, जेमतेम शंभर वस्तीच्या गावात आयलाने खाणीपासून नदी वाचवायला पक्ष काढला, त्याला नऊ वर्षं झाली. सभासद तिच्यासकट चार. शनिवारी तिची सभा होती आणि नेमकी त्याच वेळी खाणवाल्यांचीही. सकाळीच शेजारचा ऐमो दारात हजर.

"तुझी मोठी किटली दे गं. कंपनीची माणसं यायचीत, कॉफी लागेल."

"मागायला लाज नाही वाटत?"

"गावात एवढी मोठी तुझ्याकडेच आहे, मी तरी काय करू?"

कॉफीच्या किटलीला तिथे कुणी नाही म्हणत नाही. आयलाने ती घासूनपुसून दिली.

आयलाच्या सभेला कुणीच फिरकलं नाही. शेवटी ती किटली आणायला खाणवाल्यांकडे गेली, तर तिचे तिन्ही सभासद पहिल्या रांगेत. एकीने कप पुढे केला, "बरं झालं आलीस. ओत गं जरा."

आयलाने ओतली.