फर्ज करा

आमचे थोरले गुरुजी म्हणजे मी पाहिलेल्या माणसांत सर्वांत जास्त खोटं शिकवणारे आणि सर्वांत खरं वागणारे गृहस्थ. यातली पहिली गोष्ट मी त्या काळी सांगायची तिथे सांगितली. दुसरी आज सांगतो आहे, आणि ती ऐकायला ते राहिलेले नाहीत.

पूर्णा जंक्शनपासून तीन कोसांवरच्या खेड्यात आमची शाळा होती. चौथीपर्यंत वर्ग आणि दोन मास्तर. ते थोरले, मी धाकटा. गुरुजींच्या घरची बोली मराठी, पण निजामाच्या राज्यात शिकल्यामुळे विद्या सगळी उर्दूतली. पोलीस ॲक्शननंतर शाळेचा कारभार मराठीत आला, गुरुजीही मराठीत आले, त्यांचा हात मात्र मागे राहिला. फळ्यावर लिहायला ते उजव्या टोकाला जाऊन उभे राहत, खडू टेकवत, आणि मग सगळा वर्ग एका सुरात म्हणे, "गुरुजी, इकडून न्हाई." गुरुजी जीभ चावून डाव्या टोकाला जात. मुलांना हा खेळ इतका आवडे की सवय झाल्यावरही गुरुजी तो मुद्दाम करत असावेत असं मला पुढे वाटू लागलं. मुलांच्या वह्यासुद्धा ते शेवटच्या पानाकडून उघडत. त्यामुळे आमच्या शाळेत एक रीतच पडून गेली. वहीच्या पुढच्या बाजूने हिशेब आणि शुद्धलेखन, मागच्या बाजूने गोष्ट.

गोष्ट लिहिणं हा विषय कुठल्याच क्रमिक पुस्तकात नव्हता. तो गुरुजींनी एका गायीमुळे काढला. मी मुलांना गायीवर निबंध लिहायला सांगितला होता. सगळ्यांनी एकच निबंध लिहिला, गाय उपयुक्त प्राणी आहे, तिला चार पाय असतात. गुरुजींनी त्या वह्या चाळल्या आणि विचारलं की ही एवढी सगळी एकच गाय कुणाच्या घरची. मग वर्गात येऊन ते म्हणाले, "फर्ज करा की गाय आज शाळेत आली." फर्ज करा, म्हणजे समजा. त्यांच्या उर्दूतला हा शब्द मुलांनी दोन दिवसांत आपलासा केला. पहिल्याच दिवशी एक पोरगं उठून म्हणालं, "आमची गाय न्हाई येणार. व्याली हाय."

"फर्ज कर की आली."

"आली तर मार खाईल जी. तिला पाढे येत न्हाईत."

गुरुजी इतके हसले की टोपी पडली. हसू ओसरल्यावर त्यांनी फक्त "मग?" एवढंच विचारलं. त्यांची शिकवण्याची पद्धत म्हणाल तर एवढीच. आधी फर्ज करा, नंतर मग, मग, मग. मूल थकलं की गोष्ट संपली.

गावात याचा व्हायचा तो बोभाटा झाला. एका आईने लेकीला विचारलं, पाणी आणलं का गं, तर पोरगी म्हणाली, "फर्ज कर की आणलं." बाप तणतणत शाळेत आला, पोरांना खोटं बोलायला शिकवायलाय म्हणाला. गुरुजींनी त्याला शांतपणे समजावलं की खोटं बोलायचं असतं तर ती नुसतंच आणलं म्हणाली असती. फर्ज कर म्हणाली म्हणजे खरंच बोलली. बापाला ते पटलं नाही. मलाही पटलं नव्हतं. मी नव्या राज्यात ट्रेनिंग घेऊन आलेला, माझी मराठी शुद्ध, अक्षर वळणदार, आणि मधल्या सुट्टीत सगळी मुलं घोळका करत ती गुरुजींभोवती. थोरल्या मास्तरांची जागा आपली आहे असं मला मनापासून वाटे.

आमच्या शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा. आडाच्या काठावर वाकलेल्या लिंबाला तो दाव्याने टांगलेला असे. श्रावणातल्या एका सोमवारी तो जागेवर नव्हता. सरकारी वस्तू गेली म्हणून गावातून अर्ज गेला. गुरुजींना मात्र त्यात गोष्टीचा विषय दिसला. कुणी नेली, कशाला नेली, लिहा. चौथीतल्या एका मुलीने लिहिलं: 'फर्ज करा की गुरुजींनी घंटा चोरली. मळ्यात पुरली. रोज पाणी घातलं. झाड आलं. त्याला घंटा लागल्या. मग ज्या गावाला शाळा न्हाई त्या गावाला एकेक वाटली.' गुरुजी ती वही घेऊन माझ्या घरी आले होते. डोळे पुसत वाचून दाखवली.

चौकशीला शाळाखात्याचे साहेब आले त्या दिवशी गुरुजी नव्या तुकड्यासाठी पूर्णेला गेले होते. साहेब संस्थानाबाहेरचे, उर्दू त्यांना ठाऊक नव्हती. वह्या चाळताना त्यांना ते पान सापडलं. त्यांनी मुलीला विचारलं, हे तूच लिहिलंस का. शाबासकी मिळणार या आनंदात ती म्हणाली, "व्हय जी, मीच." मग साहेब माझ्याकडे वळले.

"मास्तर, फर्ज म्हणजे काय?"

मी म्हणालो, "कर्तव्य, साहेब."

तो अर्थही बरोबरच आहे. कोशात पाहा. इतकं बरोबर खोटं मी आयुष्यात पुन्हा बोललो नाही.

साहेब म्हणाले, मग इथे त्याचा अर्थ लागत नाही, ते शब्द गाळा आणि चोरीपुरता मजकूर शुद्ध मराठीत उतरवून द्या. मी उतरवला. 'गुरुजींनी घंटा चोरली. मळ्यात पुरली.' झाडापर्यंत मी पोचलोच नाही.

संध्याकाळी गुरुजी आले ते खांद्यावर रुळाचा तुकडा घेऊन, घामाने निथळत. कुणा गँगमनच्या विनवण्या करून त्यांनी तो मिळवला होता. साहेबांनी आधी तुकड्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि तो कागद गुरुजींच्या हातात दिला. गुरुजींनी तो दोनदा वाचला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अक्षर तुमचं लय साफ हाय, मास्तर. दोन शब्द तेवढे राहिले."

साहेबांनी विचारलं, कोणते.

"ह्यांना ठाव हाय," गुरुजी म्हणाले, आणि थांबले. 'मग?' विचारून मुलांसाठी थांबत तसेच. मी दौतीला बूच लावलं.

नवा तुकडा साहेब चोरीचा पुरावा म्हणून घेऊन गेले. गुरुजींची थोरलेपणाची जागा काढून घेऊन त्यांना पालमकडच्या एका एकशिक्षकी शाळेत धाडलं. ती जागा मला मिळाली. मी गोष्टीचा तास बंद केला. उन्हाळ्यात आडाचं पाणी तळाला गेलं, तेव्हा गाळात जुना तुकडा दिसला, कुजून तुटलेल्या दाव्यासकट. चोर कुणी नव्हताच. त्या मुलीने मला गाठून म्हटलं, "आता साहेबाला कळवा ना जी, माझी ती गोष्ट होती म्हणून." मी तिला पाढे पाठ करायला सांगितलं. तुकडा वर काढून नव्या दाव्याने बांधला आणि स्वतःच्या हाताने टोले दिले. पत्र लिहिलं नाही. तिने वहीची मागची बाजू पुन्हा कधी उघडली नाही. गुरुजी तिकडेच वारले, हे मला फार उशिरा कळलं.

हे सगळं मी एका वहीच्या शेवटच्या पानाकडून लिहायला घेतलं आहे. फर्ज करा की साहेबांनी विचारलं, फर्ज म्हणजे काय, आणि मी म्हणालो, समजा.

मग?

एवढ्यावर मी रोज येऊन थांबतो. गुरुजींच्या वर्गातलं दुसरीचं पोर इथून पुढे सहज गेलं असतं.