आत कोणी नाही

बेशुद्ध पेशंटांच्या वॉर्डात मावशींची उभी हयात गेली. अंग पुसायचं, कूस बदलायची, नळीतून पातळ अन्न सोडायचं. हात लावण्याआधी सांगायच्या, "आता वळवते हं."

नर्स हसायच्या. "मावशी, ऐकतंय कोण?"

"न सांगता अंगाला हात लावलेला तुला चालेल का गं?" मावशी म्हणायच्या. कुणाला देवानं कुठवर नेऊन ठेवलंय ते त्यालाच ठाऊक, असं त्यांचं आपलं साधं गणित.

मग त्यांची सख्खी थोरली बहीणच खिडकीजवळच्या खाटेवर आली. ताईंची पापणी कित्येक महिने हलली नाही. त्यांचा मुलगा इंजिनियर. आपल्या कंपनीचं यंत्र त्यानं आईच्या उशाशी बसवलं. डोक्याला तारा लावल्या, की माणूस आत जागा आहे की नाही ते यंत्र बोलून सांगायचं. ताईंबद्दल रोज एकच सांगे, "आत कोणी नाही." शेवटी भाच्यानं मन घट्ट केलं. उद्या अन्नाची नळी काढायची ठरली.

दुपारी तो आईपाशी येऊन बसला. मावशींनी ताईंचे हातपाय पुसले आणि त्याच ओघात यंत्राच्या काचेवरची धूळ टिपायला वळल्या. सवयीनं तोंडातून गेलंच, "पुसते हं."

"हळू," यंत्र म्हणालं.

भाचा हसला. "तुझी दिवसभराची बडबड ऐकून जुळवतं गं ते. पोपट समज."

"हळू मी कशाला म्हणेन? मला कोण पुसतंय?" मावशी म्हणाल्या.

त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. तो यंत्राकडे वाकला. "तुझ्या आत कोणी आहे का?"

"आत कोणी नाही." ताईंबद्दल सांगे तोच सूर.

"बघ," भाचा म्हणाला.

मावशींनी कपडा पिळला. "लहानपणी नकोसे पाहुणे आले की ताई तुला दारात पाठवायची. काय सांगायचास रे?"

"घरात कोणी नाही म्हणून," तो म्हणाला. आई तेव्हा दाराआड श्वास रोखून उभी असायची.

यंत्राकडे बघत तो म्हणाला, "आमच्याकडे याच्याहून फार मोठं यंत्र घडवणं चाललंय, मावशी. सगळ्या माणसांची अक्कल एकीकडे आणि ते एकीकडे. साहेबांना ते सुरू करायची घाई झालीय."

"त्या यंत्राला विचारलंत का, आत कोणी आहे का ते?"

"विचारलं."

"मग?"

"हेच म्हणालं. अगदी हेच."

खिडकीतून चांगलं ऊन येत होतं, तरी मावशींनी पदर अंगाभोवती ओढून घेतला. त्यांनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

भाचा उठला. डॉक्टरांना गाठून, नळी राहू द्या, असं सांगून आला. मग यंत्राची विजेची तार उपटायला वाकला, आणि मुठीत तार धरून तसाच थांबला. खाटेवर ताईंची छाती संथ वरखाली होत होती. यंत्राचा दिवा जळत होता.

त्यानं तार सोडली. खुर्ची ओढली आणि आई नि यंत्र, दोघांच्या मधोमध बसला.